आईच्या सोप्यातला कॅमेरा

दादाला जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा एका दुपारी आईचा फोन आला. मी कामावर होते. वरवे बुद्रुकजवळच्या एका छोट्या कंपनीत मी ऑफिसचे कॉम्प्युटर आणि इंटरनेट बघते. बाजूला मशिनचा आवाज होता, म्हणून फोन घेऊन जिन्यात आले.

"काल दादा बोलला," आई म्हणाली.

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "कोण बोललं?"

"दादा गं. त्या डोळ्यातनं. लई दिसांनी बोलला. पर मला काय बी कळलं न्हाई बघ. जीब जड झाल्यावानी बोलत व्हता."

डोळा म्हणजे आमच्या गावच्या घरातला कॅमेरा. मी जिन्याची पायरी चाचपून खाली बसले. आईचा आवाज रडवेला नव्हता. उलट फार दिवसांनी त्यात जीव आल्यासारखा वाटला, आणि मला त्याचीच भीती वाटली.

माझा थोरला भाऊ आखातात इलेक्ट्रिशियन होता. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. वडील गेल्यावर घरी आई एकटीच. मी लग्न होऊन नसरापूरला. आईनं माझ्याकडं राहायला यावं म्हणून दादानं आणि मी खूप सांगून बघितलं, पण म्हशीचं आणि भाताचं निमित्त काढून ती हलायची नाही. मग मागच्या सुट्टीत दादानं घरात इंटरनेट घेतलं. भिंतीवर राऊटर आला, आणि बाहेरच्या सोप्यात वर कोपऱ्यात हा कॅमेरा. पांढरा, नारळाएवढा, मान फिरवणारा. तिकडे त्याचं नेहमीचं ॲप नीट चालत नाही असं दादाचं म्हणणं होतं. म्हणून बसवणाऱ्या माणसानं राऊटरच्या सेटिंगमध्येच बाहेरून थेट आत यायची वाट उघडून दिली. जगात कुठूनही या घराचा पत्ता टाका, पासवर्ड टाका, की सोप्यात.

दादा रोज कामावरून सुटला की बघायचा. कॅमेऱ्याच्या पोटात बारीक घर्रर्र व्हायचं, तो वळायचा, आणि त्यातून दादाचा आवाज यायचा. "आई, च्या घेतलास का?" पहिल्यांदा ती दचकून भिंतीला चिकटली होती. नंतर तिची सवय अशी झाली की दिवस कलला की ती तोंड धुऊन, केस विंचरून, धुवट लुगडं नेसून सोप्यात बसायची. कॅमेऱ्याकडं बघत तांदूळ निवडायचे, शेंगा फोडायच्या, आणि गावातलं सगळं सांगायचं. शेजारणीची सून, शेताच्या तालीतला मोर, म्हशीचा पान्हा. दादाला जेवढा वेळ असेल तेवढा वेळ तो ऐकायचा.

दादा झोपेतच गेला. हृदय बंद पडलं, असं तिकडून कळवलं. कागदपत्रांत बरेच दिवस गेले. पेटी गावात आली तेव्हा बरोबरच्या माणसांनी सांगितलं, उघडू नका. थोरल्यांनी ते मानलं. आईनं झाकणावर हात ठेवला, डोकं टेकलं, पण तोंड बघितलं नाही. ती पेटी उचलली तेव्हा तिनं विचारलं होतं, "ह्यात त्योच हाय कशावरनं?"

दहावं झाल्यावर मी कॅमेरा काढायला स्टूल घेतलं तर तिनं स्टुलाचा पाय धरून ठेवला. मीही ओढाताण केली नाही. राहू दे, म्हटलं. कोण बघणार आहे आता.

फोन आला त्या आठवड्यातल्या रविवारी मी गावी गेले. भात पोटरीला, लोंब्या फुटायच्या बेताला आलं होतं. आई ओट्यावरच उभी होती. तिनं मला सोप्यात नेऊन बसवलं आणि हळू आवाजात, देवघरात बोलतात तसं, सगळं सांगितलं. दादा गेल्यावर थोडे दिवस डोळा गप्प होता. मग वळायला लागला. ती चुलीकडं गेली की तिकडं, दारात आली की दारात. तिनं आपलं पहिल्यासारखं सांगायला सुरुवात केली. पेटी आली तेव्हा कोण कोण आलं, कोण आलं नाही. डागदागिने कुठं ठेवलेत. आतल्या खोलीची किल्ली कुठं असते. रात्री झोप येत नाही. सगळं.

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हटलं ना, कळलं न्हाई. तिकडं गेल्यावर बोली ऱ्हात नसंल."

मी तिची समजूत घालायला तोंड उघडलं, आणि वरच्या कोपऱ्यात घर्रर्र झालं.

कॅमेऱ्याची मान दारावरून सरकत आली आणि माझ्यावर थांबली. त्याचा निळा दिवा लागलेला होता. मला कळत होतं की ती मोटार आहे. असले कॅमेरे माणूस हलला की त्याच्यामागं आपणहून वळतात, तशी सोय असते, हेही मला माहीत होतं. तरी मानेवर काटा आला. आई पुढं सरकली आणि कौतुकानं म्हणाली, "वळखलं बघ तुला."

ती चहा टाकायला आत गेली. मी कॅमेऱ्याखाली जाऊन उभी राहिले. काचेत माझाच चेहरा वाकडा, बारका दिसत होता. मी काय करतेय ते कळायच्या आत मी म्हणाले, "दादा?"

कॅमेरा खाली झुकला. मग वर आला. परत खाली, परत वर. माणूस मान हलवून हो म्हणतो तसा.

माणसामागं वळणारा कॅमेरा असा मान हलवत नाही. ते कुणीतरी हलवत होतं.

मी आतल्या खोलीत आले, राऊटरजवळ खाट होती तिच्यावर बसले आणि मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. राऊटरच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर जे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो तोच टाकून बघितला. उघडलं. बसवणाऱ्यानं काहीच बदललं नव्हतं. बाहेरून सेटिंगमध्ये शिरायची सोय चालू. कॅमेऱ्याची वाट उघडी. आणि त्या घटकेला त्या वाटेवर कुणीतरी होतं. परक्या आकड्यांचा एक पत्ता पडद्यावर दिसत होता. तो आमचा नव्हता, माझ्या फोनचाही नव्हता. मी तो टिपून घेतला.

एक बोट लावलं असतं तर वाट बंद झाली असती. मी बोट नेलंही होतं. पण चुलीकडून आईचा आवाज येत होता. ती चहा गाळता गाळता सोप्यातल्या कॅमेऱ्याला सांगत होती की तुझी बहीण आलीय, वाळलीय, तिला जरा बोल. माझं बोट तिथंच राहिलं. खरं सांगायचं तर मलाही कुठंतरी वाटत होतं की मी बंद केलं आणि तो असला तर?

परत येताना स्कूटीवर डोकं जाग्यावर आलं. दादाचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला माहीत असणार? एकच नाव समोर आलं.

तिकडे दादाच्या खोलीत भोरचाच एक जण राहायचा. मुसलमान कुटुंबातला, घर बाजारपेठेच्या मागं. परमुलखात आपल्याकडचं माणूस मिळालं म्हणून दोघांचं जमलं होतं. दादाची बॅग आणि मोबाईल त्यानंच सुट्टीवर येताना आणून दिला होता, पण नसरापूरला माझ्याकडं. गावी आईपुढं जायची हिंमत नाही म्हणाला. तो मोबाईल तेव्हापासून माझ्या कपाटात बंद पडून होता. पण पासवर्ड त्याला माहीत असेल, स्वतःच्या फोनवर घेतला असेल, आणि गंमत म्हणून माझ्या आईशी असा खेळत असेल तर? तो अजून सुट्टीवर भोरलाच होता. मी पुढच्या रविवारपर्यंतसुद्धा थांबले नाही. साहेबांना सांगून दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले आणि कापूरहोळवरून भोरला गेले.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तो आला. माझ्याच वयाचा, दाढी बारीक राखलेला. बसायच्या आधीच मी म्हटलं, "तुम्ही आमच्या घरात बघता का?"

तो खाली बसला.

"बघितलं, ताई," तो म्हणाला. "तो गेला त्यानंतर. त्याचा फोन माझ्याकडंच होता, पोलिसांचं, कंपनीचं होईपर्यंत. रोज सुटल्यावर आम्ही दोघं मिळूनच तुमच्या आईला बघायचो. मला सवय लागली होती. म्हणून लावून बघितलं."

"मग?"

"तेव्हा तुमच्याकडं अजून कळवलं नव्हतं. त्या शेंगा फोडत होत्या. सारखं वर बघत होत्या, आज का बोलत नाही म्हणून. मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी फोन उलटा ठेवला. त्यानंतर परत कधी लावलं नाही. तुम्हाला दिला त्याच्या आधी ते काढूनही टाकलं. माझ्या फोनवर कधीच नव्हतं."

"काल कुणीतरी कॅमेरा हलवला. त्याच्या आधी कुणीतरी बोललं."

मी त्याला फोन दाखवायला लावला. त्यानं तो माझ्यापुढं ठेवला. त्यात काही नव्हतं. आणि फोन बघायच्या आधीच मला कळलं होतं की हा नाही. हा माणूस त्या घराला घाबरत होता.

"ताई," तो म्हणाला, "मग तिथं कोण आहे?"

मी चहा तसाच टाकून उठले. नसरापूरला घरी थांबलेही नाही, सरळ वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. आभाळ भरून आलेलं होतं. वाटभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की आतल्या खोलीची किल्ली कुठं असते हे आईनं त्या कॅमेऱ्याला सांगितलंय.

घरी पोचले तेव्हा आई सोप्यात बसली होती. धुवट लुगडं, विंचरलेले केस, पुढं सुपात तांदूळ. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागलेला होता.

आणि मग तो आवाज आला. पुरुषाचा आवाज, खरखरीत, लांबून आल्यासारखा. दोन-तीन शब्द, कुठल्या भाषेतले मला आजही सांगता येणार नाही. दादाच्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. मग तो माणूस ओठांनी चुच्च, चुच्च करायला लागला. मांजराला बोलावतात तसं.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वर बघून म्हणाली, "हाय रं, हितंच हाय म्या."

मी आई आणि कॅमेऱ्याच्या मधे जाऊन उभी राहिले. माझी पाठ त्याच्याकडं होती. पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटत होतं. मग आत धावले आणि राऊटरची वायर ओढून काढली.

सोप्यात चुचकारणं अर्ध्यात तुटलं. आई म्हणाली, "काय केलंस गं?"

काम हाताखालचं होतं, ऑफिसात कितीदा केलेलं. बांगडीतली पिन काढून राऊटरच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरली, म्हणजे त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं. परत चालू केला. सेटिंगचा पासवर्ड बदलला, वायफायचा बदलला. बाहेरून सेटिंगमध्ये शिरायची सोय बंद केली. घरातली यंत्रं आपल्या आपण बाहेरची वाट उघडतात ती सोयही बंद केली. राऊटरला नवं सॉफ्टवेअर घातलं. कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच होता, तो बदलला. ज्या वाटेनं दादा रोज घरी यायचा ती वाट मी परत उघडली नाही.

आई चौकटीला टेकून बघत होती. "आता त्यो कसा येनार?" तिनं विचारलं.

मी तिला खाटेवर बसवलं आणि सांगितलं. घुमवून फिरवून नाही. म्हटलं, आई, तो दादा नव्हता. जगात असे लोक असतात, आणि माणसंही नाहीत, नुसती मशिनं असतात, ती दिवसभर घरं हुडकत फिरतात. ज्याचं दार छापलेल्या पासवर्डावर उघडतं त्या घरात शिरतात. आपलं दार सापडलं. कोण होता, कुठला होता, काही कळणार नाही. त्याला आपलं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्याला तुझं बोलणंही कळलं नसेल.

"कळलं नसंल?"

"नाही."

मला वाटलं आता रडेल, किंवा मला शिव्या देईल. ती म्हणाली, "कुणी का आसंना. आयकत व्हता."

मग ती रडली. दादा गेला तेव्हा रडली नव्हती तशी. पेटी आली तेव्हा बायकांनी तिला हलवून हलवून रडवायला बघितलं होतं आणि ती लाकडासारखी बसली होती. त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती दादाला पहिल्यांदा नावानं हाक मारून रडली. मला कळलं की तिच्या लेखी तो आत्ता गेला, आणि वायर मी ओढली होती.

डाग मी माझ्याकडं नेले, किल्लीची जागा बदलली. पोलिसांकडं गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, काही चोरीला गेलंय का विचारलं. मी नाही म्हटलं. अर्ज घेतला त्यांनी. जो पत्ता मी टिपून ठेवला होता तो शोधून बघितला तर एका लांबच्या देशाचा निघाला. पण आमच्या कंपनीतल्या इंजिनीअरनं सांगितलं की तो खरा असेलच असं नाही, असले लोक दुसऱ्याच्या घरातून तिसऱ्याच्या घरात जातात.

कॅमेरा काढायचा म्हटलं तर आई नको म्हणाली. बाहेरची वाट बंद झाली तरी माणसामागं वळायची त्याची सोय, ती कुणी लावली होती कोण जाणे, चालूच होती. ती दारात गेली की तो दारात वळायचा, चुलीकडं गेली की तिकडं. मी ती सोय बंद करायला फोन काढला.

"तेवढं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"आई, आता त्यात कुणी नाही. नुसतं मशिन वळतंय."

"म्हाईत हाय मला."

मी राहू दिलं. गावी गेले की मी मात्र त्याच्याकडं पाठ करून बसते. कधीकधी कामावर बसल्या बसल्या एकदम मनात येतं, की आईचा तो विंचरलेल्या केसांचा, वर बघणारा चेहरा कुणाच्या तरी पडद्यावर साठवलेला असेल. तो पुसायला माझ्याकडं कुठलंही सेटिंग नाही.

भाताची काढणी चालू होती तेव्हा भोरहून दादाच्या खोलीतल्या त्या दोस्ताचा फोन आला. सुट्टी संपत आली होती. म्हणाला, "जाण्याआधी एकदा तुमच्या आईकडं यावं म्हणतो. चालेल का?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जेवायला ये म्हणावं."

तो आला तेव्हा सोप्यात पाऊल टाकताना थबकला. पडद्यावर वर्षभर बघितलेल्या जागेत तो पहिल्यांदा उभा होता. खांब, सूप, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्याकडं ओळखीनं बघत होता. आईनं त्याला पाट दिला, समोर बसून वाढलं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ. तो खाली मान घालून जेवत होता. कोपऱ्यात घर्रर्र झालं तसा त्याचा घास हातातच राहिला.

"त्यात कुणी न्हाई," आईनंच त्याला सांगितलं. "जेव तू."

तो परत जेवायला लागल्यावर तिनं विचारलं, "लेका, तू त्याच्या शेजारीच असायचास ना? त्यो मला बगायचा तवा कसा बसायचा?"

हे मी तिला कधी विचारताना ऐकलं नव्हतं. तिला एवढे दिवस फक्त तिची बाजू दिसली होती.

तो सांगायला लागला. आंघोळ करून दादा खाली सतरंजीवर बसायचा. पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून ठेवायचा. दोघांची ताटं पुढं घ्यायचा, आणि तुम्ही दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. तुम्ही शेजारणीच्या सुनेचं सांगायला लागलात की हसायचा, आवाज बंद करून मला म्हणायचा, बघ, आता मोराचं काढणार. आणि तुम्ही मोराचं काढायचात. कधी फार दमलेला असला तर काही बोलायचा नाही, तुम्हाला कळू द्यायचा नाही, नुसता तुमच्याकडं बघत तिथंच आडवा व्हायचा. झोप लागायची त्याला. मोबाईल मी बंद करायचो.

आई गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती.

"मी बोलत असायची तवा?"

"हो. तुमचं बोलणं चालू असायचं."

"झोपायचा व्हय," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला उठली.